हृदयाची खतावणी

गेल्या वर्षी आमच्या काकांच्या दुकानातील जुन्या कागदपत्रांची एक फाईल माझ्याकडे आली. प्राप्तिकराच्या कामासाठी काही पावत्या हव्या होत्या, आणि घरात वाणिज्य शाखेचा विद्यार्थी मी एकटाच. त्या फायलीत २०१४ सालचे एका विमा कंपनीचे इंग्रजी पत्र सापडले. काकांनी विम्यासाठी प्रस्ताव दिला होता, कंपनीच्या डॉक्टरांनी त्यांना तपासले होते आणि आता कंपनी कळवीत होती की, रक्तदाब १६४/१०२ आढळल्यामुळे नेहमीच्या हप्त्यावर जादा हप्ता आकारावा लागेल. मान्य असल्यास सही करून पाठवावे. सही केलेली नव्हती. त्या वेळी दुकानात कोणीतरी हे पत्र वाचून काकांना त्याचा सारांश सांगितला, तो एवढाच की, "हप्ता वाढवलाय." काका म्हणाले, "लुटायला बसलेत," आणि पत्र फायलीत गेले. २०१९ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने ते दुकानातच गेले. वय बावन्न. समाचाराला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलत होता, "काहीसुद्धा होत नव्हतं हो त्यांना!"

काहीतरी होत होते, आणि त्याची किंमत दर हजारी किती रुपये, हे एका कंपनीच्या कचेरीत ठाऊक होते. वर्गात आम्ही विम्याची तत्त्वे शिकतो. जोखीम, मर्त्यता-कोष्टक, जादा हप्ता हे शब्द परीक्षेपुरते पाठही करतो. परंतु रक्तदाबाच्या दोन आकड्यांवरून माणसाच्या आयुष्याचा भाव कंपनीला कसा ठरवता आला, हा प्रश्न त्या पत्राने माझ्यापुढे टाकला. मी वैद्यकाचा विद्यार्थी नाही. पुढील मजकूर हिशेबाच्या बाजूने लिहिलेला आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची रीत इटलीतील रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये काढली. १९०५ मध्ये कोरोत्कॉफ या रशियन शल्यविशारदाने पट्ट्याखाली नळीने ठोके ऐकण्याची युक्ती जोडली, आणि वरचा व खालचा असे दोन आकडे मिळू लागले. डॉक्टरांना हे साधन मिळाले खरे, पण त्या आकड्यांचे करायचे काय, याविषयी त्यांच्यात एकमत नव्हते. विमा कंपन्यांना मात्र असा घोळ परवडणारा नव्हता. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न म्युच्युअल या कंपनीचे वैद्यकीय अधिकारी डॉ. फिशर यांनी १९०७ च्या सुमारासच विमा मागणाऱ्यांचा रक्तदाब मोजण्यास सुरुवात केली. इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. कोणाचा दाब किती होता आणि तो किती वर्षांनी वारला, या दोन नोंदी एका ओळीत आल्या की बाकीचे काम गणिताचे. दाब जसजसा अधिक, तसतसे दावे लवकर येत. असे का होते, हे सांगणे कंपनीचे काम नव्हे. तिला फक्त हप्ता ठरवायचा होता. अमेरिका व कॅनडातील कंपन्यांनी १९५९ मध्ये जवळजवळ ५० लाख पॉलिसींचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध केला, तेव्हा ही गोष्ट वादापलीकडे गेली होती.

याच काळात बरेच नामवंत डॉक्टर काय मानीत होते? वयाबरोबर धमन्या कठीण होतात. त्यांतून रक्त ढकलायचे तर दाब वाढणे शरीराच्या गरजेचेच आहे, तेव्हा त्याला हात लावू नये. "शंभर अधिक वय" हा वरच्या आकड्याचा ठोकताळा तेव्हाचाच. तो आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी अजूनही ऐकू येतो.

या समजुतीची सर्वांत ठळक साक्ष अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या प्रकृतीच्या कागदपत्रांत मिळते. त्यांचा रक्तदाब १९३७ मध्ये १६२/९८ होता, १९४१ मध्ये १८८/१०५. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राचा प्रमुख, दिमतीला सरकारी डॉक्टर, आणि तरीही १९४४ च्या मार्चपर्यंत कोणी हृदयरोगतज्ज्ञाला बोलावले नाही. डॉ. ब्रुएन हे तज्ज्ञ आले, तोपर्यंत हृदय थकलेले होते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने रूझवेल्ट गेले; त्या दिवशीचा दाब ३००/१९० होता. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या मते मृत्यू अनपेक्षित होता. म्हणजे तेथेही समाचाराचे वाक्य तेच.

तीन वर्षांनी, १६ जून १९४८ रोजी, त्यांच्या जागी आलेल्या ट्रूमन यांनी राष्ट्रीय हृदय कायद्यावर सही केली. त्याच वर्षी बॉस्टनपासून सुमारे तीस किलोमीटरवरील फ्रॅमिंगहॅम या गावात एक पाहणी सुरू झाली. गाव अठ्ठावीस हजार वस्तीचे. कारखान्यांत काम करणारे, दुकानदार, गृहिणी अशी साधी माणसे. या गावाला पाहणीची सवय होती. १९१७ ते १९२३ या काळात तेथे क्षयरोगाविरुद्ध एक मोठा प्रयोग झाला होता आणि त्याचा खर्च उचलला होता मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने! विम्याचा धागा असा पुन्हापुन्हा हाती लागतो.

फ्रॅमिंगहॅमची कल्पना विचार करण्याजोगी आहे. रोगी आजारी पडल्यावर तपासायचा, ही वैद्यकाची नेहमीची रीत. येथे उलट केले. ३० ते ६२ वयाची, हृदयविकाराचे उघड लक्षण नसलेली ५,२०९ माणसे घेतली. त्यांत २,३३६ पुरुष आणि २,८७३ स्त्रिया होत्या. (त्या काळी हृदयविकार हा पुरुषांचा रोग समजला जाई, तरीही निम्म्याहून अधिक स्त्रिया घेतल्या, हे विशेष.) दर दोन वर्षांनी प्रत्येकाला बोलावायचे, वजन, रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल, विद्युत्-आलेख, सिगारेटी किती, सगळे लिहून घ्यायचे, आणि वाट पाहायची. कोणाला झटका येतो, कोणाला नाही, हे काळच सांगणार. मग मागे जाऊन पाने उलटायची आणि झटका येण्याच्या कित्येक वर्षे आधी त्या माणसाच्या खात्यावर काय लिहिलेले होते ते पाहायचे.

व्यापाऱ्याला यात नवे काही वाटणार नाही. रोजकीर्दीत नोंदी होत जातात, त्या वेळी त्यांना अर्थ नसतो. खतावणी झाली, वर्ष सरले, ताळेबंद मांडला की मग दिसते, कोणते खाते आधीपासूनच बुडत चालले होते. फरक इतकाच की, या पेढीचा ताळेबंद मांडायला चार वर्षांऐवजी चाळीस वर्षेही लागू शकत होती. संचालक डॉ. डॉबर यांनी ती चिकाटी दाखविली. वीस वर्षांनी सरकार पैसा थांबवायला निघाले, तेव्हा त्यांनी देणग्या गोळा करून काम चालू ठेवले. १९७१ मध्ये मूळ मंडळींची मुले, ५,१२४ जण, पाहणीत आली आणि २००२ पासून नातवंडे.

पहिले मोठे निष्कर्ष १९५७ नंतर बाहेर पडू लागले. १९६१ मध्ये डॉ. कॅनेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या शीर्षकातच "जोखमीचे घटक" अशा अर्थाचे शब्द होते. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि आलेखावरून दिसणारी हृदयाच्या डाव्या कप्प्याची वाढ हे ते घटक. धूम्रपानाविषयीचा पुरावा त्याच सुमारास आला. शब्द पाहा. डॉक्टर तोवर "कारण" शोधत असत. जंतू असला की क्षय, नसला की नाही. "जोखीम" हा शब्द विम्याच्या धंद्याचा. हृदयविकाराला असे एकच एक कारण नसून अनेक बाबी मिळून त्याची शक्यता वाढवतात, ही कल्पना मांडायला वैद्यकाने तो शब्द आमच्या शाखेकडून उचलला, असे म्हटले तर वैद्यकीय महाविद्यालयातील मित्रांनी रागावू नये.

अनेक बाबी म्हटल्या की गणिताची अडचण उभी राहते, आणि येथे संख्याशास्त्र शिकणाऱ्यांनी थोडे थांबावे. समजा, दहा घटक आहेत आणि प्रत्येकाच्या कमी, मध्यम, जास्त अशा तीनच पायऱ्या केल्या. सगळी माणसे वर्गवारीने मांडायची तर कोष्टकात खाने किती होतील? तीनचा दहावा घात, म्हणजे ५९,०४९. माणसे आहेत ५,२०९. दर अकरा खान्यांमागे एक माणूस! असल्या रिकाम्या कोष्टकातून काय निष्कर्ष निघणार? जेरोम कॉर्नफील्ड या संख्याशास्त्रज्ञाने त्यातून वाट काढली. (या गृहस्थांची पदवी इतिहासाची होती. वाणिज्यवाल्यांना धीर यावा म्हणून सांगतो.) खाने पाडण्याऐवजी त्यांनी प्रत्येक घटकाला एक भार दिला, सगळ्या घटकांची भारित बेरीज केली, आणि त्या बेरजेचे शून्य व एक यांच्या दरम्यानच्या शक्यतेत रूपांतर करणारे सूत्र वापरले. १९६७ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी बारा वर्षांच्या नोंदींवर सात घटक घेऊन हे गणित करून दाखविले. आज डॉक्टर वय, दाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट विचारून "पुढील दहा वर्षांत इतके टक्के धोका" असे सांगतात, त्याचे मूळ हे.

या बेरजेतून एक गोष्ट निघते, जी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ज्याचा एकच आकडा फार वाईट आहे त्याच्यापेक्षा, ज्याचे तीन-चार आकडे थोडे थोडे वर आहेत, त्याचा धोका अधिक असू शकतो. पहिला माणूस सर्वांच्या नजरेत भरतो. दुसरा "काहीसुद्धा होत नाही" म्हणून हिंडत असतो.

आता एक भाषेची गंमत. आपण मराठीत म्हणतो, "मला बी.पी. आहे." अंकाच्या कन्नड विभागातील आमचे मित्र म्हणतात, "ननग बी.पी. ऐती." दोन्ही भाषांत बोलणे असे की, जणू बी.पी. ही वस्तू काहींकडे असते आणि काहींकडे नसते. वास्तविक ती सर्वांकडे असते. नसली तर समाचारच! पण हा गैरसमज केवळ आपल्या दोन भाषांचा नाही. इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकात प्लॅट आणि पिकरिंग या दोन थोर डॉक्टरांचा यावरच वाद झाला. प्लॅट म्हणत, उच्च रक्तदाब हा वेगळा रोग आहे, काहींना होतो. पिकरिंग म्हणत, उंचीप्रमाणे दाबही सर्वांना कमी-अधिक असतो, रोगी आणि निरोगी यांच्यामध्ये निसर्गाने रेघ मारलेली नाही. फ्रॅमिंगहॅमच्या नोंदी पिकरिंग यांच्या बाजूने बोलल्या. जोखीम एका आकड्यावर एकदम उडी घेत नाही, ती चढत जाते. १४० ची रेघ आपण सोयीसाठी मारली आहे, जशी उत्तीर्ण होण्यासाठी पस्तीस गुणांची. चौतीसवाला आणि पस्तीसवाला यांच्या ज्ञानात केवढा फरक असतो, ते आपण जाणतोच.

एवढे झाले तरी एक शंका उरते, आणि ती रास्त आहे. दाब अधिक असणारे लवकर मरतात, हे कबूल. पण औषधाने दाब उतरवला म्हणजे ते वाचतात का? पावसाळ्यात छत्र्या वाढतात. छत्र्या जप्त करून पाऊस थांबत नाही. नोंदवहीतून हे उत्तर मिळत नसते, त्यासाठी प्रयोग लागतो. तो अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत डॉ. फ्राइस यांनी केला. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट. ७३ जणांना औषध, ७० जणांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. सरासरी दोन वर्षांहूनही कमी काळात दुसऱ्या गटात २७ जणांवर गंभीर प्रसंग ओढवले. औषध घेणाऱ्यांत फक्त दोघांवर. १९६७ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि "दाबाला हात लावू नये" हे मत कायमचे मागे पडले.

त्या प्रयोगातील तीन औषधांपैकी एक रिसर्पिन होते, म्हणजे आपल्या सर्पगंधेच्या मुळीतील सत्त्व. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात लिहून पाश्चात्त्य डॉक्टरांच्या ध्यानात आणून दिले होते. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले. आज अधिक चांगली औषधे आल्यामुळे ते मागे पडले आहे.

आता मुख्य आक्षेप. फ्रॅमिंगहॅमची माणसे जवळजवळ सगळी युरोपीय वंशाची. त्यांच्या खतावणीवरून बेळगावच्या माणसाचा हिशेब कसा करायचा? आक्षेप खरा आहे. २००४ मध्ये ५२ देशांतील एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, तिचे नाव इंटरहार्ट. पहिला झटका आलेले सुमारे पंधरा हजार लोक आणि तेवढेच न आलेले, यांची तुलना केली. नऊ घटक हाती लागले: धूम्रपान, रक्तातील चरबीचे प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्या न खाणे, मद्य आणि व्यायामाचा अभाव. झटक्यांच्या जोखमीचा नव्वद टक्के वा अधिक भाग एवढ्यातच सामावला. घटक सगळीकडे तेच. मात्र २००७ मध्ये नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी व सहकाऱ्यांनी त्याच नोंदींतून दक्षिण आशियाचे आकडे वेगळे काढले, तेव्हा दिसले की पहिल्या झटक्याचे सरासरी वय आपल्याकडे ५३ आहे. इतर देशांत जवळजवळ ५९. खाती तीच, पण आपल्याकडे ती पाच-सहा वर्षे आधीच थकतात. काका बावन्न वर्षांचे होते.

असे का, याचा एक धागा पुण्यात आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये आपल्या दोघांचा फोटो एका जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापला. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. पाहणाऱ्याला दोघेही सडपातळ. पण यंत्राने मोजल्यावर युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली, याज्ञिकांच्या २१.२ टक्के! अंगाने बारीक, आतून लठ्ठ. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांची नोंद ठेवली. तेथील बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे स्नायूंत कमी भरली, पोटाला लहान निघाली, पण चरबीत मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. आईच्या पोटातील उपासमारीचा हिशेब पुढे मधुमेह आणि हृदयविकाराच्या रूपाने द्यावा लागतो की काय, हे पाहण्यासाठी त्या बाळांचा, आता ती तरुण झाली तरी, पाठपुरावा चालू राहिला. आपल्या माणसांची, आपल्या मातीत ठेवलेली ही खतावणी मला फ्रॅमिंगहॅमइतकीच मोलाची वाटते. दुर्दैवाने अशा वह्या आपल्याकडे थोड्या. पैसा मिळतो तो आज निकाल देणाऱ्या कामाला.

जोखमीच्या आकड्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. "दहा वर्षांत वीस टक्के" याचा अर्थ अशा शंभर माणसांपैकी वीसजणांना झटका येईल; कोणत्या वीस, ते कोणी सांगू शकत नाही. विमा कंपनीला त्याचे सोयरसुतक नसते. तिच्याकडे शंभरच्या शंभर असतात. तिला काका ठाऊक नव्हते, काकांसारखे हजार ठाऊक होते. घराला मात्र एकच माणूस असतो आणि त्याला वीस टक्के मरता येत नाही. म्हणून लोक आकड्यावर विश्वास ठेवीत नाहीत, आणि शेजारचे ऐंशी वर्षांचे विडी ओढणारे आजोबा दाखवतात. आजोबा खोटे नाहीत. ते उरलेल्या ऐंशींतले आहेत.

इंग्लंडचे जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये यावर आणखी एक विचार मांडला, तो दुकानदाराच्या मुलाला चटकन पटेल. गल्ला भरतो तो दोन-चार बड्या गिऱ्हाइकांनी नव्हे, पाव किलो साखर नेणाऱ्या शेकडोंनी. तसेच झटके येणाऱ्यांत भयंकर दाबवाले थोडे असतात आणि किंचित वाढलेल्या दाबाचे पुष्कळ. कारण मुळात तेच संख्येने पुष्कळ. भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांचा रक्तदाब वाढलेला आढळला. एवढ्यांना एकेकटे गाठणे कठीण. सगळ्या समाजाच्या ताटातील मीठ थोडे कमी झाले, तर प्रत्येकाला लाभ अगदी थोडा, पण बेरीज मोठी.

मी ते पत्र वडिलांपुढे ठेवले आणि ओळ न् ओळ मराठीत सांगितली. वडील काकांहून तीन वर्षांनी धाकटे. काकांच्या मागे दुकान तेच पाहतात. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे त्यांना कळलं होतं." दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. १५२/९६. दोन आठवड्यांनी पुन्हा मोजला, जवळपास तितकाच. गोळी सुरू झाली. लोणच्याची बरणी आईने ताटापासून लांब सरकवली, त्यावरून घरात एकदा भांडणही झाले. दर रविवारी दुकान बंद असते, तेव्हा ते स्वतःच पट्टा बांधतात आणि दाब जुन्या खतावणीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितात. रकाने तेच छापील आहेत. वरचा आकडा ते जमेकडे लिहितात, खालचा नावे.